डिपस्टिक कोरडी का पडते

टोयोटाच्या तिसऱ्या पिढीतील एमआर२ या स्पोर्ट्‌स कारमधले १झेडझेड-एफई इंजिन ऑइल खाण्याबद्दल बदनाम आहे. १९९९ ते २००७ या काळात बनलेली ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी. वजन सुमारे एक टन, इंजिन सीटच्या मागे आडवे बसवलेले. जपानमध्ये ती एमआर-एस आणि अमेरिकेत एमआर२ स्पायडर या नावाने विकली गेली. चार सिलिंडरचे हे १.८ लिटर इंजिन कंपनीने सेलिका आणि कोरोलालाही दिले. भारतात २००३ साली आलेल्या कोरोलात याच मालिकेतले इंजिन होते, पण तोवर पिस्टनची रचना सुधारली होती. ऑइलची तक्रार येते ती मुख्यतः २००२च्या आधी बनलेल्या इंजिनांची.

या इंजिनाच्या चेंबरमध्ये फिल्टरसह ३.७ लिटर ऑइल मावते. त्यातले लिटर-दीड लिटर कमी झाले, की लांबलचक वेगवान वळणावर उरलेले ऑइल एका बाजूला सरकते, पंपाची जाळी उघडी पडते आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग काही क्षण कोरडे फिरते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलची पातळी मोजत नाही, तो दाब पडल्यावर पेटतो. तोवर बेअरिंगला इजा होऊन गेलेली असू शकते. ऑइल खाणाऱ्या गाडीत डिपस्टिक दर वेळी पेट्रोल भरताना पाहायला हवी, ती याच कारणाने.

निदानाची सुरुवात मोजण्यापासून होते. गाडी सपाट जागेवर ठेवून, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी, दर वेळी त्याच रीतीने पातळी पाहायची. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटरचा आकडा टिपायचा आणि पुढे टाकलेले ऑइल मापाच्या भांड्याने मोजायचे. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये १,००० किलोमीटरला १ लिटर ही कमाल मर्यादा दिलेली असते. ती फार सैल आहे. चांगल्या अवस्थेतले इंजिन याच्या एक दशांशही पीत नाही. या मोजमापात एक फसवणूकही होते. रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत न जळलेले पेट्रोल चेंबरमध्ये उतरून पातळी टिकवून धरते, आणि हायवेवरच्या पहिल्याच लांब प्रवासात ते उडून गेल्यावर ऑइल एकदम घटल्यासारखे दिसते. म्हणून नोंद निदान दोन-तीन हजार किलोमीटरची असावी आणि प्रवास कसा झाला तेही लिहिलेले असावे.

घट खरी ठरली की आधी गळती शोधायची. या इंजिनात टायमिंग चेन टेन्शनरची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट या नेहमीच्या जागा. क्रँकचे मागचे सीलही पाहावे लागते. इंजिन धुऊन, वाळवून, थोडे चालवून पुन्हा पाहिले की ओला माग दिसतो. तरीही सापडत नसेल तर ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली तपासतात. गाडी उभी राहते तिथे डाग नाही, म्हणून गळती नाही असे मानू नये. चालत्या गाडीतून गळणारे ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून जळते आणि मागे नुसता वास उरतो.

त्यानंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह. चेंबरमधली वाफ इनटेककडे नेणारा हा छोटा, स्वस्त भाग उघडाच अडकला, तर वाफेबरोबर ऑइलचे तुषारही ओढले जातात. काढून हलवल्यावर आतली सुई खडखडली नाही, किंवा इनटेक मॅनिफोल्ड आतून ऑइलने थबथबलेला दिसला, तर तो बदलून पुन्हा मोजावे. बराच खर्च इथेच वाचू शकतो.

इतके करूनही ऑइल जात असेल तर ते सिलिंडरमध्ये जळते आहे. तिथे पोहोचायच्या वाटा मुख्यतः दोन: वरून व्हॉल्व्ह सीलमधून आणि खालून पिस्टन रिंगवरून. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळ्या धुराचा एक लोट येऊन थांबला, तर बहुधा सील कडक झालेली आहेत, कारण हेडमध्ये साठलेले ऑइल रात्रभरात व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरते. उतारावर गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताना धूर आला, तरी आधी संशय सील आणि गाइडवर घ्यावा. भार देऊन चढ चढताना सतत निळसर धूर राहिला, तर रोख रिंगकडे वळतो.

मात्र धूर दिसत नाही याने कोणतीच शक्यता बाद होत नाही. लिटरला १२ किलोमीटर चालणारी गाडी १,००० किलोमीटरला सुमारे ८३ लिटर पेट्रोल जाळते. तेवढ्यात १ लिटर ऑइल म्हणजे सव्वा टक्क्याहून कमी. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलमध्ये साधारण २ टक्के ऑइल घातले जाई आणि धूर सगळ्यांना दिसे. एमआर२मध्ये मात्र त्या धुराचा मोठा भाग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतो, म्हणून डोळ्यांपेक्षा वहीतल्या नोंदीवर भरवसा ठेवावा.

यापुढच्या टप्प्यावर पुष्कळ निदाने चुकतात. कॉम्प्रेशन तपासले, चारही सिलिंडर सारखे आणि भरपूर निघाले, म्हणजे रिंग ठीक आहेत असा निष्कर्ष काढला जातो. पिस्टनवर रिंग तीन असतात. वरच्या दोन प्रामुख्याने दाब अडवतात, तर भिंतीवरचे ऑइल खरवडून परत पाठवणे हे तिसरीचे काम. खरवडलेले ऑइल पिस्टनमधल्या बारीक भोकांतून चेंबरमध्ये उतरते. या इंजिनाच्या सुरुवातीच्या पिस्टनमध्ये ही भोके अपुरी होती. ती काजळीने बुजली, की ऑइलची रिंग खाचेत चिकटते आणि दर फेरीला थोडे ऑइल वर राहते. वरच्या रिंग धडधाकट असल्याने मीटरचा काटा मात्र उत्तम दाब दाखवतो. हवा भरून गळती मोजण्याच्या चाचणीचीही मर्यादा तीच. ऑइल भरण्याच्या तोंडाशी हवेचा जोराचा फुसफुसाट आला तर वरच्या रिंग किंवा बोअर खराब आहे हे कळते, पण फुसफुसाट आला नाही म्हणून तिसरी रिंग निर्दोष ठरत नाही.

तिचा माग प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून लागतो. पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे काजळी आणि फक्त कडेला धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा, ही ऑइल खालून वर येत असल्याची खूण. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर जाड, ओलसर थर असेल तर सील दोषी. भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यातल्या घासकामाच्या, तिरक्या रेघा टिकून असतील तर बोअर वाचलेला आहे. उभे ओरखडे दिसले तर प्रकरण गंभीर आहे.

त्या ओरखड्यांमागे या गाडीचा खास दोष असू शकतो. तिच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच, सिलिंडरांना अगदी लागून, दोन छोटे प्री-कॅट, म्हणजे मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचे कन्व्हर्टर, बसवलेले आहेत. जळक्या ऑइलने त्यांचे सिरॅमिक खराब होऊन भुरभुरते. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याच्या क्षणी ती कठीण भुकटी उलटी सिलिंडरमध्ये ओढली जाते, बोअर घासते आणि ऑइलचा खप आणखी वाढवते. मॅनिफोल्डवरचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिले, की जाळी शाबूत आहे की फुटली ते लगेच समजते. जुनी एमआर२ विकत घेणाऱ्याने सौदा होण्याआधीच ही तपासणी करून घ्यावी.

उपाय निदानाप्रमाणे ठरतो. सील हेड न उतरवताही बदलता येतात. चिकटलेल्या रिंगसाठी प्लगच्या भोकांतून काजळी विरघळवणारे द्रावण रात्रभर ठेवतात. त्याने कधी फरक पडतो, कधी नाही. द्रावण पूर्ण उपसल्याशिवाय इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि नंतर ऑइल व फिल्टर बदलणे भागच आहे. ५डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-४० घातल्याने खप थोडा घटतो, दोष तसाच राहतो. बोअर चांगला असेल तर सुधारित पिस्टन आणि नव्या रिंग हा टिकाऊ इलाज. ओरखडे पडले असतील, तर अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ओतून बसवलेल्या पातळ स्लीव्हना मोठा बोअर मारायला फारशी जागा नसते. अशा वेळी २००२ नंतरचे, तपासून घेतलेले दुसरे इंजिन बसवणे बहुतेकदा स्वस्त पडते. मात्र जुना, भुरभुरलेला मॅनिफोल्ड त्या इंजिनावर पुन्हा चढवू नये.