गेलेले वतन

वॉरन हेस्टिंग्ज हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत असते. वडगावला १७७९ मध्ये इंग्रजांना मराठ्यांशी नामुष्कीचा करार करावा लागला. हेस्टिंग्जने तो धुडकावला आणि शेवटी १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह केला. मला आज सांगायची आहे ती त्याच्या वतनाची गोष्ट.

इंग्लंडमध्ये, आजच्या ग्लॉस्टरशरमध्ये, डेल्सफर्ड हे लहानसे गाव आहे. हेस्टिंग्ज घराणे तिथले पिढीजात जमीनदार. सतराव्या शतकातल्या यादवीत घराण्याने राजाची बाजू घेतली आणि ते खालावत गेले. १७१५ मध्ये जमीन एका व्यापाऱ्याला विकावी लागली. आजोबा त्याच गावात धर्मोपदेशक म्हणून राहिले. वॉरनचा जन्म १७३२ चा. आई लगेच गेली, वडीलही सोडून गेले. आजोबांकडे वाढलेल्या या पोरक्या मुलाने सातव्या वर्षी ओढ्याकाठी पडल्या पडल्या ‘डेल्सफर्ड परत मिळवीन’ असा निश्चय केला, असे मेकॉले लिहितो.

१७५० मध्ये तो कंपनीचा कारकून म्हणून कलकत्त्याला आला. १७८५ मध्ये मायदेशी परतला, तो गव्हर्नर-जनरल पदावरून. १७८८ मध्ये त्याने डेल्सफर्ड विकत घेतले आणि कॉकरेल या वास्तुशिल्पज्ञाकडून नवा वाडा बांधून घेतला. त्याच वर्षी संसदेत त्याच्यावर महाभियोग सुरू झाला. बनारसच्या राजा चेतसिंगाकडे जबरदस्तीने पैसा मागितला, अवधच्या बेगमांचा खजिना लुटवला, असे आरोप होते. इकडे वाडा चढत होता आणि तिकडे खटला चालला होता! तो सात वर्षे चालला. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, पण खर्चाने पार खंक झाला. कंपनीने वर्षाला चार हजार पौंडांचे निवृत्तिवेतन दिले, त्यावर संसार चालला.

२२ ऑगस्ट १८१८ रोजी डेल्सफर्डलाच त्याने देह ठेवला. पेशवाई बुडाली तेच हे वर्ष. त्याच्या मागे त्याचे मूलबाळ उरले नव्हते. पत्नीच्या मागे इस्टेट तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलाकडे गेली आणि १८५३ मध्ये तो वारल्यावर विकली गेली. ज्या वतनासाठी आयुष्य वेचले, ते हेस्टिंग्जच्या हाती राहिले अवघी ३० वर्षे.

आता चेतसिंगाचे काय झाले? १७८१ मध्ये त्याचे राज्य गेले. त्याने महादजी शिंद्यांचा आसरा घेतला आणि १८१० मध्ये ग्वाल्हेरला त्याचा अंत झाला. वाडवडिलांची भूमी गमावण्याचे दुःख काय असते, हे हेस्टिंग्जइतके कुणाला ठाऊक होते? तरीही त्यानेच ते दुसऱ्याच्या पदरात घातले. ओढ्याकाठच्या त्या मुलाची जिद्द मलाही भावते. पण बनारसचे वतन परत मिळवून देणारे कुणी नव्हते, हे विसरता येत नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)