औरंगपुऱ्यात शंभरावर फटाका स्टॉल जळाले, पण ‘५० दुकानांचा नियम’ आहे तरी काय?

२९ ऑक्टोबर २०१६. नरक चतुर्दशीचा दिवस. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावर फटाका बाजार भरला होता. आग लागली आणि बघता बघता शंभरावर स्टॉल खाक झाले. आजूबाजूला लावलेल्या गाड्याही जळाल्या.

असं होऊ नये म्हणूनच २००८ च्या स्फोटक नियमांमध्ये ८४ वा नियम आहे. फटाक्यांच्या दोन तात्पुरत्या दुकानांत किमान ३ मीटर अंतर हवं. दुकानं समोरासमोर नकोत, नाहीतर एकातलं रॉकेट थेट दुसऱ्यात. शेड न जळणाऱ्या साहित्याची हवी, म्हणजे मंडपाचं कापड बाद. दिवे लोंबत्या वायरीवर नकोत, प्रत्येक रांगेला एक मेन स्विच हवा. आणि एका ठिकाणी जास्तीत जास्त ५० दुकानं.

खरी अडचण या आकड्यातच आहे. गिऱ्हाईक जिथे येतं तेच मैदान प्रत्येक विक्रेत्याला हवं असतं. दिवाळीचा धंदा चार दिवसांचा, लांबच्या मैदानावर कोण जाणार?

आणि हो, विकत घेतलेला फटाका तिथेच वाजवून बघायची हौस असेल, तर दुकानापासून ५० मीटरच्या आत त्याला मनाई आहे.