खसखस, अफू आणि कायदा

दिवाळीच्या अनारशांना लागणारी खसखस महाराष्ट्रातील प्रत्येक घराच्या परिचयाची आहे. परंतु ती ज्या बोंडात तयार होते ते बोंड अफूच्या झाडाचे होय, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. खसखशीचे बी स्वयंपाकात वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही आणि ते वाण्याच्या दुकानात उघडपणे मिळते. मात्र तेच बी परवान्यावाचून शेतात पेरणे हा गंभीर गुन्हा आहे. या भेदाचे अज्ञान शेतकऱ्यास फार महाग पडू शकते. सन २०१२ मध्ये बीड जिल्ह्यात अशी बेकायदेशीर लागवड उघडकीस आली होती.

अफूवर निर्बंध घालणारे कायदे आपल्या देशात जुने आहेत. १८५७ व १८७८ चे अफूविषयक कायदे आणि १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा यांच्या जागी सर्व देशासाठी एकच असा १९८५ चा अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आहे. पीक घेणारा, चोरटा व्यापार करणारा आणि व्यसनात सापडलेला, या तिघांकडे हा कायदा निरनिराळ्या दृष्टीने पाहतो.

परवान्याची लागवड

मॉर्फीन, कोडीन यांसारखी वेदनाशामक औषधे अफूपासूनच मिळत असल्याने लागवड सर्वस्वी बंद करणे शक्य नाही. म्हणून मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील ठरावीक भागांतच ती परवान्याने होते. ग्वाल्हेर येथील केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो हे परवाने देतो व शेतांची मोजणी करतो. दुपारनंतर बोंडांना चिरा पाडतात, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून गोळा करतात आणि त्याच्या रोजच्या वजनाची नोंद ठेवली जाते. सर्व अफू सरकारलाच द्यावी लागते; नीमच व गाझीपूर येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. परवानाधारकाने त्यातील काही भाग चोरून विकल्यास त्याला १० ते २० वर्षे सक्तमजुरी व १ ते २ लाख रुपये दंड होतो. महाराष्ट्राचा या परवाना-क्षेत्रात समावेश नाही, ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी.

बेकायदेशीर पीक

कांदा-लसणाच्या वाफ्यांत किंवा उंच पिकाच्या आडोशाला अफू लावून चांगला पैसा मिळेल, असे आमिष कोणी परका इसम दाखवील. बी देईल आणि माल उचलण्याचा शब्दही देईल. धाड पडते त्या वेळी मात्र तो इसम गावात नसतो. सातबाऱ्यावर नाव असते ते शेतकऱ्याचे. विनापरवाना लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्याने जमीन कसली त्याच्या शेतात अफूची झाडे उभी असल्यास, समाधानकारक खुलासा होईपर्यंत कायदा गुन्हा गृहीत धरतो. त्यामुळे ‘झाड कशाचे ते ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. तसे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच पडतो.

काढलेल्या अफूच्या बाबतीत शिक्षा वजनावर अवलंबून असते. २००१ च्या दुरुस्तीने ही श्रेणी आली. २५ ग्रॅमपर्यंतची अफू अल्प प्रमाणात मोडते व तिला १ वर्षापर्यंत कैद आहे, २.५ किलोपासून व्यापारी प्रमाण समजले जाते व तेथे किमान शिक्षाच १० वर्षांची आहे.

आपल्या जमिनीत असे पीक आढळल्यास तत्काळ खबर देणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. सरपंच, पंच व गावकामगार यांच्यावरही हीच जबाबदारी असून, माहिती असून हयगय करणारा स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. करडसर हिरवी, खोडाला बिलगलेली पाने, चार पाकळ्यांची पांढरी किंवा जांभळट फुले आणि माथ्यावर मुकुटासारखी चकती असलेले बोंड, या खुणांवरून झाड ओळखता येते.

व्यसनी माणसाला वाट

व्यसनात सापडलेल्या माणसाविषयी मात्र कायद्याची भूमिका केवळ दंडाची नाही. अमली पदार्थाचे सेवन हा गुन्हा खरा. परंतु सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी स्वखुशीने शासनमान्य रुग्णालयात वा केंद्रात उपचार घेईल, तर कलम ६४-अ अन्वये त्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. दोषी ठरलेल्या व्यसनी इसमासही न्यायालय कलम ३९ अन्वये, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकते.

या तरतुदी गावोगाव माहीत होणे अत्यंत अगत्याचे आहे. घरातील तरुण अफू, हेरॉईन किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेला म्हणजे पोलिसांच्या भीतीने व लोकलज्जेने कुटुंब ती गोष्ट झाकून ठेवते. इकडे व्यसन बळावत जाते आणि विक्रेत्याचे फावते. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळीही २०१८ पासून या कायद्याखाली आली आहे. वैद्याच्या चिठ्ठीवाचून अशा गोळ्या घेऊ नयेत. नेहमी अफू घेणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास अंगदुखी, जुलाब, निद्रानाश असा त्रास होतो. तो ढोंग करीत नसतो. त्याला वैद्यकीय साहाय्याची गरज असते. त्याला कोंडून किंवा मारहाण करून हा रोग बरा होत नाही. व्यसनमुक्तीविषयी सल्ल्यासाठी १४४४६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

तेव्हा अनोळखी बी कोणी दिले तर ते पेरण्यापूर्वी कृषी सहायकास दाखवावे, शेतात संशयित झाड दिसल्यास त्याच दिवशी पोलीस पाटील किंवा पोलीस ठाण्यास कळवावे, आणि घरातील व्यसनी माणसाला विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.