चाळीस एकरांखाली तुकडा नाही

कॅलिफोर्नियातल्या नापा काउंटीत गाव संपलं की घरं संपतात. नापा शहरातून २९ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघालं की याउंटव्हिल, सेंट हेलेना, कॅलिस्टोगा ही गावं एकामागून एक लागतात आणि मधल्या पट्ट्यात रस्त्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत द्राक्षांचे मळे दिसतात. खोरं जेमतेम तीस मैल लांब आणि फार तर पाच मैल रुंद. सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर. मळ्याच्या चांगल्या जमिनीचा भाव एकरी काही लाख डॉलर. अशा मोक्याच्या जागी खरं तर रस्त्याकडेला प्लॉट पाडून दगड रोवलेले दिसायचे, बंगल्यांच्या स्कीमच्या पाट्या दिसायच्या. तसं काही दिसत नाही. त्याचं कारण ९ एप्रिल १९६८ रोजी काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने एकमताने मंजूर केलेला एक नियम. शेतीसाठी राखलेल्या पट्ट्यातल्या जमिनीचे यापुढे २० एकरांहून लहान तुकडे पडणार नाहीत, असं त्या दिवशी ठरलं. त्याआधी एका एकराचाही प्लॉट पाडता येत होता. १९७९ मध्ये ही मर्यादा २० वरून ४० एकरांवर गेली. अमेरिकेतला हा अशा प्रकारचा पहिला राखीव शेतीपट्टा मानला जातो.

आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, त्यामुळे ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. पण हेतूत फरक आहे. वाटण्या होत होत शेत इतकं लहान होऊ नये की कसणं परवडणार नाही, ही आपल्या कायद्यामागची काळजी. म्हणून आपलं प्रमाणभूत क्षेत्र गुंठ्यांत मोजलं जातं. २०२३ मध्ये ते बहुतेक जिल्ह्यांत बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे ठरलं. नापाने मर्यादा ठरवताना उलट बाजूने विचार केला. जमीन शेतकऱ्याने शेतीसाठीच घ्यावी, नुसतं घर बांधायला घेणाऱ्याला ती परवडूच नये, इतका मोठा तुकडा किती? त्याचं उत्तर आधी २० एकर आणि मग ४० एकर असं आलं. ४० एकर म्हणजे सुमारे १६ हेक्टर. खोऱ्याच्या भोवतीच्या डोंगराळ, पाणलोटाच्या जमिनीसाठी तर ही मर्यादा १६० एकर आहे.

शेजारच्या खोऱ्यातला धडा

हा नियम का सुचला, हे कळण्यासाठी दक्षिणेच्या सांता क्लारा खोऱ्याकडे पाहायला हवं. दुसऱ्या महायुद्धाआधी ते जर्दाळू, चेरी आणि आलुबुखाराच्या बागांसाठी प्रसिद्ध होतं, फळं डबाबंद करण्याचे मोठमोठे कारखाने तिथे चालत. १९५० मध्ये सॅन होजे शहराचं क्षेत्रफळ १७ चौरस मैल होतं. त्या वर्षी सिटी मॅनेजर झालेल्या डच हॅमन यांनी आसपासच्या वाड्यावस्त्या आणि बागा शहरहद्दीत ओढण्याचा सपाटा लावला, आणि १९६९ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा शहर १३० चौरस मैलांच्या पुढे गेलेलं होतं. बागा तोडून घरं उठली, मग कंपन्या आल्या, आणि त्या खोऱ्याला सिलिकॉन व्हॅली हे नाव पडलं. कुपर्टिनो आणि सनीव्हेलमध्ये आज जी शेकडो मराठी कुटुंबं राहतात, त्यांची घरं याच फळबागांच्या जमिनीवर उभी आहेत. त्या उद्योगाने जगाला काय दिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण जगातल्या उत्तम फळजमिनींपैकी एक डांबराखाली गेली आणि ती आता परत येणार नाही, हेही तितकंच खरं.

नापाच्या शेतकऱ्यांनी हे डोळ्यांदेखत पाहिलं होतं. १९६० च्या दशकात त्यांच्याही खोऱ्यातून फ्रीवे नेण्याचे बेत चालले होते. जॅक डेव्हिस यांनी श्रॅम्सबर्गची जुनी वाइनरी नुकतीच हाती घेतली होती. ते या नियमाच्या बाजूने उभे राहिले. वाइन करणाऱ्या मार्टिनी घराण्यातले लुई पी. मार्टिनीही बरोबर होते. विरोध करणारेसुद्धा बहुतांशी शेतकरीच होते आणि त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. म्हातारपणी चार प्लॉट विकून उरलेले दिवस सुखाने काढू, हा त्यांचा हिशोब होता, आणि तोच मोडणार होता. लक्षात घ्यायला हवं की तेव्हा नापा वाइनसाठी जगभर गाजलेलं नव्हतं. पॅरिसमधल्या ज्या चाचणीत नापाच्या वाइननी फ्रेंच वाइनना मागे टाकलं, ती झाली १९७६ मध्ये, म्हणजे नियमानंतर आठ वर्षांनी. सोन्याचा भाव येण्याआधीच या लोकांनी जमीन राखली, म्हणून नंतर आलेल्या त्या भावाला काही अर्थ राहिला.

७८ एकरांचं काय होतं

नियम कागदावर कसा चालतो ते एका उदाहरणावरून बघू. खोऱ्याच्या सपाट पट्ट्यात एखाद्याकडे ७८ एकर आहेत आणि दोन मुलांत वाटून द्यायचे आहेत. दोन वाटे करायला ८० एकर लागतात. दोन कमी पडतात, म्हणून वाटणी होणार नाही. मुलं सामाईक मालक राहू शकतात, पण जमीन एकच राहील आणि तिच्यावरचं मुख्य घरही एकच. आता १०० एकर असतील तर? ४० चे दोन होतील, उरलेले २० त्या दोनपैकी कुणाला तरी जोडावे लागतील. तिसरा तुकडा नाहीच.

विभागणी बसत असली तरी ती आपोआप होत नाही. जमीन कशी विभागायची याची पद्धत राज्याच्या सबडिव्हिजन मॅप कायद्याने ठरवून दिली आहे. चारपर्यंत तुकडे असतील तर साधारणपणे पार्सल मॅप पुरतो. पाच किंवा जास्त असतील तर आधी कच्चा नकाशा, त्यावर अटी आणि अटी पुऱ्या झाल्यावर अंतिम नकाशा. रस्ता कुठून, विहिरीला पाणी किती, सांडपाण्याची टाकी जमिनीत जिरते का, आगीचा बंब पोचेल का, हे सगळं त्यात तपासलं जातं. कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण कायद्यानुसार परिणामांचा अभ्यास होतो. शेजाऱ्यांना नोटीस जाते, सुनावणी उघड होते आणि कुणीही उभं राहून बोलू शकतं. निकाल पटला नाही तर प्लॅनिंग कमिशनकडून वर बोर्डाकडे दाद मागता येते. बोर्डाचे पाचही सदस्य आपापल्या विभागातून चार वर्षांसाठी निवडून येतात आणि त्याच रस्त्यांवरून रोज जातात. शहरहद्दीबाहेरच्या जमिनीच्या वापराचा निर्णय त्यांच्या हाती असतो. आपल्याकडे बिगरशेतीची परवानगी महसूल खात्याच्या साखळीतून येत आली आहे; तिथे ती देणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत गावाला तोंड दाखवावं लागतं.

यातली खरी कसोटी मात्र जुन्या कागदांची असते. नियम नवे तुकडे पाडू देत नाही, पण आधी कायदेशीरपणे पडलेले तुकडे पुसतही नाही. इथल्या जमिनीचा इतिहास मेक्सिकन काळापासूनचा आहे. १८३६ मध्ये जॉर्ज याउंट यांना रँचो कायमुस हे ११,८८७ एकरांचं इनाम मिळालं आणि पुढे ते तुकड्यातुकड्यांनी विकलं गेलं. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या खरेदीखताचा आधार दाखवून, आपलं आज एकसंध दिसणारं रान कागदोपत्री चार स्वतंत्र तुकड्यांचं आहे, हे मालक सिद्ध करू शकतो. काउंटीला तसा दाखला द्यावा लागतो. मग शेजारशेजारच्या तुकड्यांच्या हद्दी सरकवून, संख्या न वाढवता, घरासाठी सोयीचा आकारही करून घेता येतो. पूर्वेकडच्या डोंगरात सुमारे २,३०० एकरांच्या वॉल्ट रँचमध्ये असे ३५ तुकडे होते. तिथे मळे लावण्याची परवानगी मागितली गेली, तेव्हा मळ्यामागून बंगले येतील या भीतीने वर्षानुवर्षं झगडा चालला. शेवटी जमीन राखण्याचं काम करणाऱ्या नापाच्या लँड ट्रस्टने ती घेतली. नियमाच्या पोटात राहिलेली जुनी भोकं बुजवायला अशी रोख रक्कम मोजणारी माणसंही लागतात.

कराचा आधार, मतदाराची किल्ली

नुसती मनाई टिकत नाही. घरं वाढली की शेताची कर-आकारणीही प्लॉटच्या भावाने होते आणि शेतकरी कर भरता भरता मेटाकुटीला येतो. त्यावर राज्याने १९६५ मध्ये विल्यमसन कायदा आणला. मालकाने किमान दहा वर्षं शेतीच करण्याचा करार काउंटीशी करायचा, बदल्यात कर शेतीच्या उत्पन्नाच्या हिशोबाने. करार दर वर्षी आपोआप एका वर्षाने पुढे सरकतो, म्हणजे समोर कायम दहा वर्षं उरलेली असतात. बाहेर पडायचं तर नोटीस द्यायची आणि दहा वर्षं थांबायचं, तोवर कर हळूहळू चढत जातो. मधेच मोडायचा तर जमिनीच्या बाजारभावाच्या साडेबारा टक्के भरावे लागतात, तेही काउंटीने मान्य केलं तर. दुसरा आधार १९६३ पासूनचा: शहराला आपली हद्द वाढवायची असेल तर प्रत्येक काउंटीतल्या एका स्वतंत्र आयोगाची मान्यता लागते. सॅन होजेसारखा सपाटा त्यामुळे अवघड झाला.

तरीही एक धोका उरला. पाच सदस्यांनी केलेला नियम पुढच्या निवडणुकीत आलेले तीन सदस्य मोडू शकतात. फॉल्कर आइजली या द्राक्षबागायतदारांनी आणि त्यांच्या साथीदारांनी यावर उपाय काढला: १९९० मध्ये मेजर जे हा प्रस्ताव मतदानाला ठेवला गेला आणि मंजूर झाला. शेतीपट्ट्यातली जमीन दुसऱ्या कामासाठी काढायची असेल, तर काही अपवाद सोडता, सार्वत्रिक मतदानच घ्यायचं. याला कोर्टात आव्हान मिळालं आणि १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकांचा हा अधिकार मान्य केला. २००८ मध्ये मतदारांनी त्याची मुदत २०५८ पर्यंत वाढवली. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेत ही सर्वांत मोलाची कडी आहे. बिल्डरला बोर्डातली तीन माणसं वळवणं जमू शकतं. हजारो मतदारांना, आणि तेही गुप्त मतदानात, वळवणं फार महागात पडतं.

शेतीच्या नावाखाली काय चालेल, हाही वाद तितकाच जुना. वाइनरी म्हणजे शेती की हॉटेल? १९९० च्या नियमाने नव्या वाइनरीला किमान १० एकरांची जमीन आणि ७५ टक्के द्राक्षं नापातलीच, अशा अटी घातल्या. लग्नसोहळ्यांना मनाई केली. मळ्यांनाही मोकळं रान मिळालं नाही. सेंट हेलेनाला पाणी देणाऱ्या जलाशयात डोंगरावरच्या नव्या मळ्यातून गाळ वाहून आला, तेव्हा १९९१ मध्ये पाच टक्क्यांहून जास्त उतारावर लागवड करण्याआधी धूप रोखण्याची योजना मंजूर करून घेणं सक्तीचं झालं. शेतीसुद्धा जमिनीचं नुकसान करू शकते, हे या काउंटीने मान्य केलं.

किंमत कोण मोजतं

या सगळ्याची किंमत आहे आणि ती मालकांपेक्षा मजुरांनी जास्त मोजली. जमीन वाचली तशी महाग झाली, घरं दुर्मिळ झाली. द्राक्षं छाटणारे, तोडणारे बहुतांश मेक्सिकोतून आलेले कामगार. मोसमात काही जण गाडीत नाहीतर नदीकाठी झोपत. शाळेतले शिक्षक, दवाखान्यातल्या नर्स शेजारच्या सोलानो काउंटीत राहून रोज गाडीने येतात. ४० एकरांच्या नियमाने लहान शेतकऱ्यालाही बाहेर ठेवलं. पाच एकर घेऊन भाजीपाला करणाऱ्या तरुणाला या पट्ट्यात जागा मिळत नाही. ज्याच्याकडे होतं त्याच्या पोरांना करोडो मिळाले, ज्याच्याकडे नव्हतं तो काउंटीच्या सीमेपलीकडे गेला.

२००२ मध्ये यावर थोडं काम झालं. शेतमजुरांच्या निवासासाठी किमान दोन एकरांचा तुकडा काढण्याची मुभा मतदारांनीच दिली, आणि मळेवाल्यांनी लागवडीच्या दर एकरामागे स्वतःवर पट्टी बसवून घेतली. त्या पैशांतून चालणाऱ्या तीन निवासांत मिळून १८० जणांची सोय होते. सुमारे ४५,००० एकर द्राक्षांच्या काउंटीत १८० खाटा फारच थोड्या, आणि कुटुंबांना तिथे जागा नाही. पण नियम माणसांसाठी वाकवता येतो आणि तरी मोडत नाही, हे त्यातून सिद्ध झालं. चाळीस एकरांच्या पट्ट्यात दोन एकर मजुरांसाठी काढले म्हणून नापात प्लॉटिंग सुरू झालं नाही. असे आणखी कितीतरी तुकडे निघायला हवेत आणि त्यासाठी भांडलं पाहिजे.

नाशिकच्या सुला वाइनरीने सुरुवातीलाच केरी डॅमस्की हे कॅलिफोर्नियातले वाइनमेकर सोबत घेतले आणि तिथलं तंत्र इथे रुजलं. जमिनीचा कायदा मात्र आपण तिथून घेतला नाही. तो जसाच्या तसा घेताही येणार नाही, कारण चाळीस एकर असलेला शेतकरी आपल्याकडे विरळा. घेण्यासारखं आहे ते दुसरंच. कुठली जमीन शेतीचीच राहणार हे नकाशावर आधी ठरवणं, ती कसणाऱ्याचा कर हलका करणं, तिथे राबणाऱ्याच्या घराची सोय त्याच नियमात लिहिणं, आणि हे बदलायचं असेल तर बंद खोलीत न बदलता लोकांना विचारणं. शहर दारात येऊन उभं राहण्याआधी, भाव चढण्याआधी हे करावं लागतं. नापाने १९६८ मध्ये ते वेळेत केलं. सांता क्लारासाठी ती वेळ केव्हाच टळून गेली होती.