मूल ‘ढ’ नाही: डिस्लेक्सिया आणि घरातला मोबाईल

“सर, तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, पेपरात मात्र काहीच लिहीत नाही.” पालक सभेत ही तक्रार नेहमी ऐकू येते. दरवेळी कारण आळस नसतं. काही मुलांना डिस्लेक्सिया असतो. बुद्धी शाबूत असते, पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड पटकन बसत नाही. मारून किंवा दहा वेळा लिहायला लावून हे जात नाही.

उर्दू माध्यमात अडचण आणखी वाढते. बे, पे, ते, से यांत फरक फक्त नुक्त्यांचा. जेर-जबर बहुधा लिहिलेलेच नसतात. पुढच्या तासाला तेच मूल उलट दिशेने, डावीकडून उजवीकडे, जोडाक्षरांसकट मराठी वाचतं.

अशा मुलाला घरातला मोबाईल चष्म्यासारखा उपयोगी पडतो:

१. ऐकणं: अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘सिलेक्ट टू स्पीक’ असतं. ते स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतं. उर्दूचं पान स्कॅन केलेलं असेल तर बरेचदा अडतं. मग मोठ्या बहिणीने किंवा अब्बूंनी धडा वाचून रेकॉर्ड करावा. मुलाने पुस्तकावर बोट ठेवून तो ऐकावा.

२. बोलून लिहिणं: कीबोर्डवरचा माईक दाबून मराठी किंवा उर्दूत बोललं की मजकूर उमटतो. उत्तर आधी असं तयार करायचं, मग वहीत उतरवायचं.

३. वाचनाचा सराव: गूगलचं ‘रीड अलाँग’ अ‍ॅप 2019 मध्ये भारतात ‘बोलो’ नावाने आलं. मूल मोठ्याने वाचतं, अ‍ॅप ऐकतं, अडलेला शब्द सांगतं. रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण कुणीतरी शेजारी बसावं.

मात्र परीक्षेत मोबाईल चालत नाही. तिथे प्रमाणपत्र लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये यासाठी क्लिनिक आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. तपासणीला वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट पाहू नका.

“लोक काय म्हणतील” म्हणून बरेच पालक तपासणी टाळतात. पण कागद नसला तर हुशार मूलही नापास होतं, मग शाळा सुटते. तालीम त्याचाही हक्क आहे.