क्षणभराचे भडके आणि त्यांचे मोजमाप

१९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन ह्यांनी एक करार केला. वातावरणात, पाण्याखाली वा अंतराळात अणुबॉम्बची चाचणी घ्यावयाची नाही, असे त्यात ठरले. करार झाला, पण मनातील संशय गेला नाही. कोणी चोरून अंतराळात स्फोट घडवून आणला तर तो कळावा म्हणून अमेरिकेने त्याच वर्षी ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडण्यास प्रारंभ केला. ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थच ‘पहारा’ असा आहे. अणुस्फोटातून गॅमा किरण बाहेर पडतात. ते टिपणारी उपकरणे ह्या पहारेकऱ्यांवर बसविलेली होती.

२ जुलै १९६७ रोजी त्या उपकरणांना गॅमा किरणांचा एक भडका दिसला. परंतु त्याचा चढउतार अणुस्फोटासारखा नव्हता. पुढेही असे भडके दिसत राहिले. एकच भडका निरनिराळ्या उपग्रहांवर किंचित पुढेमागे पोहोचे. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर. तेव्हा वेळेतील ह्या सूक्ष्म फरकावरून किरण कोणत्या दिशेने आले ते ताडता येते. क्लेबसाडेल, स्ट्राँग व ओल्सन ह्या शास्त्रज्ञांनी हे गणित मांडले आणि १९७३ साली अशा सोळा भडक्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ते पृथ्वीवरून आलेले नव्हते, सूर्यावरूनही नव्हते. मग ते आले कोठून?

हे भडके पृथ्वीवर बसून पाहता येत नाहीत, कारण आपले वातावरण गॅमा किरण शोषून घेते. सजीवांच्या दृष्टीने हे कवच मोठेच वरदान आहे. ज्योतिर्विदाला मात्र त्यामुळे अंतराळाचीच वाट धरावी लागते. तेथे दुसरी अडचण उभी राहते. गॅमा किरण नेहमीच्या भिंगाने एकत्र आणता येत नाहीत की आरशाने वळविता येत नाहीत. म्हणून ह्या दुर्बिणीची रचनाच निराळी असते. सोडियम आयोडाइडसारख्या स्फटिकावर गॅमा किरण आदळला की त्यात क्षीण प्रकाश चमकतो. जितकी किरणाची ऊर्जा अधिक, तितकी ही चमक अधिक. अशा चमकांची क्षणाक्षणाला गणती केली, की भडका किती वेळ टिकला आणि किती प्रखर होता ते समजते. काही भडके दोन सेकंदही टिकत नाहीत. काही मिनिटभर वा त्याहूनही अधिक काळ चालतात.

दिशा ओळखण्याचा आणखी एक उपाय म्हणजे सावली. उन्हात खिडकीच्या जाळीची सावली जमिनीवर कशी पडते, हे आपण रोज पाहतो. सूर्य सरकला की सावलीही सरकते. ‘स्विफ्ट’ ह्या २००४ साली सोडलेल्या दुर्बिणीवर शिशाच्या हजारो लहान तुकड्यांची अशीच एक जाळी बसविलेली आहे. खालच्या शोधकावर तिची सावली कशी पडली ह्यावरून भडक्याची जागा निश्चित होते आणि मिनिट-दीड मिनिटात दुर्बीण आपले तोंड तिकडे वळविते.

भडके जवळचे की दूरचे, हा वाद मात्र सुमारे तीस वर्षे चालला. १९९१ साली सोडलेल्या ‘कॉम्प्टन’ वेधशाळेने नऊ वर्षांत २,७०४ भडके नोंदविले. ते आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले नसून सर्व दिशांना सारखे विखुरलेले होते. तेव्हा त्यांचे मूळ आपल्या आकाशगंगेपलीकडे असावे, असे अनेकांना वाटू लागले. पण पुरावा हवा होता. तो १९९७ साली मिळाला. इटली व नेदरलँड्स ह्यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने २८ फेब्रुवारीस एका भडक्यामागे रेंगाळणारी क्ष-किरणांची मंद प्रभा टिपली. त्याच वर्षी मे महिन्यातील दुसऱ्या एका भडक्याच्या प्रभेचा वर्णपट हवाई बेटावरील केक दुर्बिणीने तपासला. तो प्रकाश कित्येक अब्ज वर्षे प्रवास करीत आला होता! इतक्या अंतरावरून जे दिसते ते मुळात केवढे प्रचंड असले पाहिजे, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

आज आपण जाणतो की बहुतेक दीर्घ भडके अतिविशाल ताऱ्याचा गाभा कोसळताना उद्भवतात. अल्पकाळ टिकणाऱ्यांचे मूळ १७ ऑगस्ट २०१७ रोजी उघड झाले. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर आल्या आणि अवघ्या १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ दुर्बिणीस गॅमा किरणांचा भडका दिसला. अशा टकरींत सोन्यासारखी जड मूलद्रव्ये निर्माण होतात. आपल्या घरच्या मंगळसूत्रातील सोन्याचा काही अंश पृथ्वी जन्मण्यापूर्वी अशाच एखाद्या टकरीत घडला असेल.

ह्या कार्यात भारताचाही वाटा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘ॲस्ट्रोसॅट’ ही वेधशाळा अंतराळात गेली. तिच्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचा शोधक मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका आणि देशातील इतर संस्थांनी मिळून सिद्ध केला. ६ ऑक्टोबरला तो सुरू झाला आणि त्याच दिवशी त्याने एक भडका टिपला. तेव्हापासून त्याने पाचशेहून अधिक भडके नोंदविले. त्याचे वैशिष्ट्य असे की, किरण एका घरात आदळून शेजारच्या घरात विखुरला तर तो कोणत्या बाजूस गेला हेही त्याला कळते. असे पुष्कळ किरण मोजले म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा समजते आणि भडका उसळला तेथे चुंबकीय क्षेत्र कसे होते, ह्याचा अंदाज बांधता येतो.

९ ऑक्टोबर २०२२ रोजी आलेला भडका आजवरच्या नोंदींत सर्वांत तेजस्वी ठरला. त्याचे किरण सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालेले होते. अशी घटना पुन्हा त्याच जागी घडत नाही. ज्याची नजर त्या क्षणी चुकली त्याची संधी कायमची गेली. म्हणूनच एका दुर्बिणीने भडका पाहिला की त्याची वार्ता तत्काळ जगभरच्या वेधशाळांना जाते. ज्या देशात त्या क्षणी रात्र असेल आणि आकाश निरभ्र असेल, तेथील दुर्बिणी तिकडे वळतात. परस्परांच्या संशयातून ज्या पहाऱ्याचा आरंभ झाला, तो आज परस्परांच्या विश्वासावर चालला आहे.