वाचकांनी भरलेला दंड

वृत्तपत्राचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलमांत शोधण्याचा प्रघात आहे. परंतु त्याची खरी स्थिती पुष्कळदा जमाखर्चाच्या वहीतून कळते. मॉस्कोच्या ‘नोवोये व्रेम्या’ या रशियन साप्ताहिकाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, ते ‘युद्ध आणि कामगारवर्ग’ या नावाने निघाले. १९४५ मध्ये त्याचे ‘नोवोये व्रेम्या’, म्हणजे ‘नवा काळ’, असे नामकरण झाले. सोव्हिएत परराष्ट्र धोरणाची बाजू अनेक भाषांतून जगापुढे मांडणे हे त्याचे काम होते. खर्चाची विवंचना नव्हती, तशी मताची मोकळीकही नव्हती.

सोव्हिएत राजवट १९९१ मध्ये संपली आणि सरकारी आश्रयही गेला. २००७ साली इरेना लेस्नेव्स्काया यांनी साप्ताहिकाला नवे रूप दिले. पुढे येवगेनिया आल्बात्स संपादक झाल्या. २०१० मध्ये मॉस्कोच्या दंगलविरोधी पोलीस दलातील गैरप्रकार त्याने त्या दलातील पोलिसांच्याच तोंडून उघड केले. मात्र सत्तेचा रोष ओढवून घेणाऱ्या नियतकालिकाला जाहिराती देण्यास व्यापारी कचरतात. पैशाअभावी २०१७ मध्ये छापील अंक बंद पडला आणि साप्ताहिक केवळ संकेतस्थळावर उरले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला २ कोटी २२ लाख ५० हजार रुबल दंड ठोठावला. ‘परदेशी हस्तक’ ठरविलेल्या एका निधीकडून मिळालेल्या साहाय्याची माहिती मुदतीत दिली नाही, हा ठपका होता. एवढ्या रकमेने ते कायमचे मिटेल, असाच सर्वांचा होरा होता. परंतु वाचकांना आवाहन होताच चार दिवसांत वीस हजारांहून अधिक लोकांनी अडीच कोटींवर रुबल जमविले. सरासरी माणशी हजार-बाराशे रुबल पडले. ही धनिकांची देणगी नव्हती. सामान्यांची वर्गणी होती.

तथापि या विजयाला मर्यादा होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्याच महिन्यात हे संकेतस्थळ देशात रोखले गेले. त्याच वर्षी संपादिकेला देश सोडावा लागला. ग्राहक आहे, मागणी आहे, किंमत मोजण्याची तयारीही आहे. तरी पुरवठा हुकमाने थांबविता येतो. वाचकांची वर्गणी दंड फेडू शकते. बंदी उठविण्यासाठी मात्र नागरिकाच्या हाती राजकीय हक्कच असावे लागतात.